बॅटरीचं दुपटं

सुकेशनीनं फक्त एक दुपटं लावलं होतं. बानूचं जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं, कडेला बदकं छापलेलं. एवढ्याशा दुपट्यानं काय होतंय, असं कुणालाही वाटेल. सुकेशनीला तर मनातून वाटत होतं की ह्या दुपट्याबद्दल घरच्यांनी एक दिवस आपला सत्कार करावा. (नारळ नसला तरी चालेल, पण शाल पाहिजे.)

पण दुपट्याच्या आधी गाडीचं सांगायला पाहिजे. आणि गाडीच्या आधी जीपचं.

सुकेशनीचा नवरा अजिनाथ पाव्हण्यांना वेरूळ, अजिंठा फिरवून आणायचा. त्यासाठी त्याच्याकडे डिझेलची एक जुनी जीप होती. हर्सूलला त्यांच्या घरासमोर जागा अशी नव्हतीच, त्यामुळे जीप खिडकीला नाक लावून नाही, तर पाठ लावून उभी असायची. रोज सकाळी अजिनाथ ती 'गरम' करायचा. जीप गरम होईपर्यंत घर काळं व्हायचं. धूर खिडकीतून आत यायचा, पातेल्यांवरून फिरायचा, भाकरीला वास लावायचा आणि शेवटी चार वर्षांच्या बानूच्या उशाशी जाऊन बसायचा. बानू झोपेतच खोकायला लागायची. एकदा लागली की थांबायची नाही.

"हिला धुरापासून लांब ठेवा," डॉक्टर म्हणाले होते.

"धूर घरातच येतो हो. मग पोरीला घरापासनं लांब ठेवू का?" सुकेशनीनं विचारलं.

डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सुकेशनीची शाळा सातवीला सुटली होती, पण काळजी करायला तेवढं शिक्षण रग्गड होतं. बानू शिंकली की ती कपाळाला हात लावून बघायची. बानू शिंकली नाही, तरी बघायची. बानू शांत झोपली की तिच्या नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, त्या बोटानं बानू जागी व्हायची, आणि मग दोघी जणी रात्रभर जाग्या. खिडकीच्या फटीत तिनं इतकी चिरगुटं कोंबली होती की शेजारच्या बिल्किसआपा म्हणायच्या, "सुकेशनी, ये खिडकी है या गोधडी?"

आणि मग एका संध्याकाळी ती गाडी आली.

आली म्हणजे कशी, तर सुकेशनी दोरीवर कपडे वाळत घालत होती, वळून बघते तर मागं पांढरी गाडी उभी, आणि आत अजिनाथ दात काढून हसतोय. ना घरघर, ना खडखड, ना धूर. भूत दिसावं तशी सुकेशनी किंचाळली. मग नवरा दिसला म्हणून पुन्हा एकदा किंचाळली.

"हायब्रिड आहे," अजिनाथ म्हणाला. "निजामुद्दीनभाईच्या गॅरेजात आली. जुनीच आहे, पण एकदम ठणठणीत. जीप त्याच्या आवारात लावून आलोय. भाई म्हणला, सोमवारपर्यंत चालवून बघ, पटली तर ठेव, नाय पटली तर जीप परत घेऊन जा."

त्या रात्री अजिनाथनं तिला गाडी समजावून सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सुकेशनीनं ती सगळ्या गल्लीला समजावून सांगितली.

"आपा, ह्या गाडीत की नाय, दोघं नवरा-बायको राहतात. एक पेट्रोलचं इंजिन, एक बॅटरी. गल्लीत हळूहळू जायचं असलं की बॅटरी गपचूप काम उरकती. मोठ्या रस्त्याला जोर लावायचा असला की इंजिन उठतं आणि आरडाओरडा करतं. सिग्नलला उभं राहिलं की इंजिन चक्क झोपतं."

"समझ गई," बिल्किसआपा म्हणाल्या. "काम करनेवाली बॅटरी, वो बीवी."

"आणि ऐका ना. ब्रेक मारला की बाकीच्या गाड्यांची ताकद वाया जाती. हिची परत बॅटरीत जाऊन बसती! वायर लावायला नको, काय नको. पेट्रोल कमी पिती म्हणून धूर बी कमी. नुसता आपल्या घरात नाय, सगळ्या शहरातच तेवढा कमी."

"हमारे इनकू बी हायब्रिड करके देव की," आपा म्हणाल्या. "चाय कम पीयेंगे, चिल्लायेंगे बी कम."

गल्ली जिंकली, पण घर बाकी होतं. घरात सासूबाई होत्या. कस्तुराबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं होतं, आणि ती मेंढरं विकूनच ती जीप आलेली. त्यामुळे जीपला त्या कधी जीप म्हणायच्याच नाहीत. "माझी मेंढरं कुठं गेली आज? वेरूळला?" असं विचारायच्या.

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, दारावर थाप मारली, पुढचा दिवा बैलाचा डोळा बघावा तसा बघितला.

"वरडत का नाय ही?"

"आत्याबाई, हिला आवाज नाय. तेच तर चांगलंय."

"जे वरडत नाय ते आजारी असतंय," कस्तुराबाई म्हणाल्या. "माझी मेंढरं देऊन मुकं जनावर घ्यायचं व्हय? अजिनाथ, ऐक. आईतवारी साताऱ्याच्या खंडोबाला घेऊन चल मला. देवानं धड नेली, धड आणली, तर ठेव. वाटंत बसली, तर माझी मेंढरं माघारी आण."

(साताऱ्याचा म्हणजे लांबचा सातारा नव्हे. आपल्याच शहराच्या दक्षिणेचा, बीड बायपासपलीकडचा.)

झालं. जीप परत येणार म्हणजे धूर परत येणार. बानूचा खोकला ह्या दोन-तीन दिवसांत असा कमी झाला होता की सुकेशनी सकाळी तिच्या नाकासमोर बोट धरायचंसुद्धा विसरली होती. (आठवल्यावर धावत जाऊन धरलं, ती गोष्ट वेगळी.)

शनिवारी निजामुद्दीनभाई गाडी बघायला आले. मागच्या सीटच्या कडेला काळी जाळी होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, "भाभी, ये जाली देखो. बॅटरी इसके पीछेच है. यहींच से सांस लेती. जरा संभालना इसकू."

"संभालती," सुकेशनी म्हणाली.

आणि भाईंचा फोन वाजला, ते बोलत बोलत निघून गेले.

आता तुम्हीच सांगा. चार वर्षं जिनं एका लेकराचा श्वास सांभाळला, तिला 'हिचा श्वास सांभाळ' म्हटल्यावर ती काय करणार? सुकेशनी विचारात पडली. उद्या खंडोबाला जायचं. तिथं भंडारा उधळणार. आत्याबाई मूठ सोडायच्या नाहीत, ओंजळ सोडतील. ती सगळी हळद उडून बॅटरीच्या छातीत गेली म्हणजे? मागच्या साली बानूच्या नाकात चिमूटभर गेली, तर पोर दिवसभर शिंकत होती.

तिनं बानूचं दुपटं काढलं. चार पदरी घडी घातली. तेवढ्यात तिला शंका आली, की ह्यातून बॅटरीला हवा जाईल ना? सुकेशनी काही अडाणी नव्हती. तिनं घडी आधी स्वतःच्या नाकावर धरली आणि दहा वेळा श्वास घेऊन बघितला. येत होता! मग तिनं ती घडी जाळीवर ठेवली, चारही बाजूंनी चिकटपट्टी अशी दाबून लावली की मुंगी आत जाऊ नये, आणि वरून प्रसादाची पिशवी ठेवून दिली. कुणाला सांगितलं नाही. धड परत आल्यावर सांगू, म्हणजे शालीचा विषय आपोआप निघेल.

रविवारी सकाळी निघाले. पुढं कस्तुराबाई, हातात भंडाऱ्याची पिशवी. मागं सुकेशनी आणि बानू.

गल्लीच्या तोंडाशीच मेंढरांचा एक कळप आडवा आला. जीप असती तर तिच्या आवाजानंच पांगला असता. ही गाडी अगदी त्यांच्या शेपटाशी जाऊन उभी राहिली, तरी एकानं मागं वळून बघितलं नाही. एक मेंढरू तर चाकाला अंग घासायला लागलं.

"हॉर्न वाजव की," सुकेशनी म्हणाली.

"थांब," कस्तुराबाई म्हणाल्या. काच खाली केली, अर्ध्या बाहेर निघाल्या आणि तोंडानं अशी हाळी दिली की मेंढरं तर पांगलीच, समोरचा रिक्षावालाही रस्ता सोडून बाजूला झाला. कस्तुराबाई परत आत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. सुकेशनीनं ते हसू गाडीच्या नावावर जमा करून टाकलं.

क्रांती चौकात सिग्नल लागला. इंजिन झोपलं.

"बसली!" कस्तुराबाई ओरडल्या. "म्हणलं नव्हतं का? बसली वाटंत!"

"आई, बसली नाय, थांबलीय," अजिनाथ म्हणाला.

"आवाज कुठंय मग?"

"आत्याबाई, ती मुद्दाम गप बसलीय. आपण थांबलो तर उगं पेट्रोल कशाला जाळायचं? बघा, शेजारची ट्रॅव्हल्स बघा, नुसती उभीय तरी कशी धूर ओकतीय..."

पण कस्तुराबाई ऐकायला गाडीत होत्याच कुठं? दार उघडून, पदर खोचून, त्या मागं जाऊन गाडी ढकलायला लागल्या होत्या. मागच्या दोन स्कूटरवाल्यांनीही माणुसकी म्हणून हात लावला. तेवढ्यात सिग्नल सुटला, बॅटरीनं गाडी अलगद उचलली आणि कस्तुराबाई मोकळ्या हवेला ढकलत चार पावलं पुढं आल्या.

"बघितलं? माझ्या ढकलण्यानं चालू झाली," गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या.

मग सुकेशनीला जोर चढला. सासूला गाडीचा गुण दिसलाच पाहिजे म्हणून ती मागून सांगायला लागली, "अहो, ब्रेक मारा. ब्रेक मारला की बॅटरी भरती. आत्याबाई, ती खूण बघा समोर, भरायला लागली की नाय? मारा अजून एकदा!"

"समोर रस्ता मोकळाय," अजिनाथ म्हणाला.

"मग काय झालं? फुकट मिळतंय तर घ्या की."

अजिनाथनं बायकोसाठी मोकळ्या रस्त्यावर दोन ब्रेक मारले. पहिल्याला कस्तुराबाईंचं नाक समोर टेकलं, दुसऱ्याला भंडाऱ्याची पिशवी, आणि ती फुटली. तिथून देवळापर्यंत सगळे पिवळे होऊनच गेले. देवळात वेगळा भंडारा उधळायची गरज नव्हती, तरी कस्तुराबाईंनी नवीन पिशवी घेतली आणि "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत गाडीवर अशी ओंजळ सोडली की पांढरी गाडी झेंडूच्या फुलासारखी झाली. दारं उघडून आतही उधळला. चार बाया जमल्या. "नवीन घेतली का?" "कशावर चालती?" सुकेशनीनं त्यांनाही नवरा-बायकोची गोष्ट सांगितली. एक जण म्हणाली, "लई गुणाची दिसती गं." सुकेशनीचा ऊर असा भरून आला, की जणू बानूचाच पहिला नंबर आलाय.

आणि बानू? एवढा रस्ता झाला, पोर एकदा खोकली नव्हती.

परतीच्या वाटेला ऊन डोक्यावर आलं होतं. बीड बायपासला लागले आणि सीटखालून आवाज यायला लागला. पंखा जोरात फिरावा तसा. घूंऽऽऽ.

"आता वरडाया लागली," कस्तुराबाई खूश होऊन म्हणाल्या.

अजिनाथ खूश नव्हता. समोर लाल-पिवळे दिवे लागले होते. गाडीचा जोर गेला. इंजिन काही केल्या झोपेना, आणि गाडी काही केल्या पळेना. डावीकडून सायकलवाला पुढं गेला. जाताना आत डोकावून बघून गेला.

"बॅटरी तापलीय म्हणती," अजिनाथ म्हणाला.

"ताप?" सुकेशनी म्हणाली. तिचा हात सवयीनं कपाळ शोधायला लागला, पण गाडीचं कपाळ कुठं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

"देवाला नाय आवडली," कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या. "सरळ निजामुद्दीनकडं घे. माझी मेंढरं काढू दे त्याला."

सुकेशनीला डोळ्यांसमोर ती खिडकी दिसली. ती चिरगुटं, तो धूर, पहाटे अंथरुणात उठून बसलेली बानू. आणि जे बोलायला नको होतं ते ती बोलून गेली.

"गाडीची काय चूक नाय, आत्याबाई! तुम्हीच आत भंडारा उधळला. तो गेला तिच्या छातीत!"

गाडीत एकदम शांतता झाली. (पंखा सोडून.)

"भंडाऱ्यानं?" कस्तुराबाई सावकाश मागं वळल्या. "खंडोबाच्या भंडाऱ्यानं गाडी आजारी पडली? अजिनाथ, ऐकतोस का तुझी बायको काय बोलती?"

"मला पुढचा रस्ता दिसतोय फक्त," अजिनाथ म्हणाला. हायब्रिड चालवून त्यालाही योग्य वेळी बंद पडायचं कळायला लागलं होतं.

हर्सूलला भाईंच्या आवारात गाडी रांगत रांगत पोचली. कस्तुराबाई उतरल्या. "भाई, माझी मेंढरं काढा."

निजामुद्दीनभाईंनी एकदा गाडीकडं बघितलं, एकदा सुकेशनीच्या तोंडाकडं, आणि जीप चालू केली. जीप थरथरली, खाकरली आणि मागून तिनं काळा लोट सोडला. सगळं आवार भरून गेलं. सुकेशनीनं बानूला पदरात घेतलं, पण उशीर झाला होता. बानू खोकायला लागली. कस्तुराबाई जीपच्या बोनेटवरून हात फिरवत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं.

"बंद कर रे ते जरा," अजिनाथ ओरडला.

भाईंनी जीप बंद केली. आवाज थांबला, पण बानूचा खोकला थांबला नाही. त्या शांततेत तो फार मोठा वाटायला लागला. एवढंसं अंग आणि एवढा मोठा खोकला. कस्तुराबाई वळल्या. नातीजवळ आल्या.

"अशी खोकती ही?"

"रोज, आत्याबाई. जीप चालू केली की."

"मग मला सांगितलं का नाय कुणी?"

"सांगत होते की. जीप चालू असायची."

कस्तुराबाई रोज त्या वेळी मागं उरलेल्या दोन शेरडांकडं गेलेल्या असायच्या, आणि असल्या तरी जीपच्या आवाजात देव बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. त्यांनी बानूच्या पाठीवर हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग पांढऱ्या गाडीकडं बघून म्हणाल्या, "पण हिचं काय करू? आजारी जनावर दावणीला कसं बांधू मी?"

"देखते ना, मावशी," भाई म्हणाले. त्यांनी मागचं दार उघडलं. प्रसादाची पिशवी बाजूला केली आणि तसेच वाकून उभे राहिले.

"अजिनाथभाई, ये क्या है?"

चर्र करून चिकटपट्टी निघाली. भाईंच्या हातात चार पदरी दुपटं होतं. वरून पिवळंधमक, आतून कोरं.

"माझं बदकाचं दुपटं!" बानू खोकता खोकता हसायला लागली.

सगळ्यांनी सुकेशनीकडं बघितलं. सुकेशनीनं जीपकडं बघितलं.

"तुम्हीच म्हणला ना, ती हितनं श्वास घेती, सांभाळा. म्हणून... हळद जाऊ नये म्हणून..."

"हौ भाभी. हळद नै गयी अंदर," भाई दुपटं झटकत म्हणाले. "हवा बी नै गयी."

अजिनाथनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. सुकेशनीला आधी वाटलं रडतोय.

"मी स्वतःच्या नाकाला लावून बघितलं होतं," ती म्हणाली. "मला येत होता श्वास."

"तुमकू बॅटरी नै लगी ना भाभी पीछे. उसकू भोत हवा लगती."

कस्तुराबाईंनी दुपटं हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. सुकेशनीनं मान खाली घातली आणि भंडाऱ्याचं सगळं व्याजासकट ऐकायची तयारी केली. पण सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लेकराला जपती तशी गाडीला जपाया गेली बया. नाक दाबून मारली असती."

घटकाभर दारं उघडी ठेवली. गाडी गार झाली. दिवे एकेक करून विझले. अजिनाथनं बटण दाबलं आणि गाडी तयार झाली, म्हणजे काहीच आवाज झाला नाही. कस्तुराबाई कान देऊन उभ्या होत्या. गाडीचा आवाज नव्हता, बानूचाही नव्हता.

"भाई," त्या म्हणाल्या, "मेंढरं तुमच्याकडंच राहू द्या. चांगल्या घरी द्या."

सुकेशनीला आवारातच फुगडी घालावीशी वाटली. तिनं घातली नाही, पण मान अशी ताठ केली की दुपट्याची गोष्ट जणू दुसऱ्याच कुणाच्या घरी घडली होती. आवाराच्या फाटकात बिल्किसआपा आणि गल्लीतली दोन-चार माणसं जमली होती. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आम्ही ठेवली बरं का गाडी! हवा खराब होत नाय, म्हणून ठेवली!"

सगळे गाडीत बसले आणि अजिनाथनं गाडी मागं घ्यायला गिअर टाकला. समोरच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतं, हे त्याला आईला दाखवायचं होतं. पडदा लागला. काळाकुट्ट.

"भाई, मागचं काहीच दिसत नाय."

भाई मागं गेले. नंबरप्लेटच्या वर कॅमेऱ्याचं बारकं गोल भिंग असतं, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. मग न विचारता सगळ्यांनी पुन्हा सुकेशनीकडं बघितलं.

"देवळापाशी लई बाया बघत होत्या," सुकेशनी म्हणाली. "डोळ्यासारखं दिसलं, म्हणून मी जरासं काजळ..."

भाईंनी रुमालानं पुसलं, तर घरचं तुपातलं काजळ सगळ्या भिंगावर पसरलं.

"उतर," कस्तुराबाई म्हणाल्या. "मागं उभी राहा आणि हात दाखव."

म्हणून त्या आवारातल्या सगळ्यात नव्या जमान्याच्या गाडीच्या मागं सुकेशनी उभी राहिली आणि वडापवाल्यासारखा हात हलवायला लागली. "येऊ द्या... येऊ द्या..." पण फाटकात गल्ली उभी होती आणि अभिमान काही तिच्या पोटात मावेना. ती आपांकडं वळून म्हणाली, "ऐका आपा, कान देऊन ऐका. येतोय काय आवाज? काहीतरी येतोय का?"

कुणालाच काही आवाज आला नाही. सुकेशनीलाही नाही. वळून बघते तर गाडी गुडघ्याला टेकलेली. ती दचकून मागं सरकली ती थेट जुन्या टायरच्या ढिगात जाऊन बसली, अशी रुतून की वर फक्त डोकं आणि हलणारा हात राहिला.

कस्तुराबाईंनी काच खाली केली आणि बाहेर बघितलं.

"खरंच गं," त्या म्हणाल्या, "लई गुणाची गाडी हाय."